दुभाषीमावशींची गाठ

दुभाषीमावशींना घाम फक्त डाव्या बाजूला यायचा. कोलकात्यात उन्हाळ्याच्या दिवसांत माणूस नुसता बसल्या जागी निथळत असतो, पण मावशींच्या कपाळावर मधोमध कुणीतरी रेघ मारून ठेवली होती. रेघेच्या डावीकडे धारा, उजवीकडे कोरडं ठणठणीत. मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला त्या तोंडाला पावडर लावून यायच्या. तासाभरात डावा गाल धुऊन निघायचा आणि उजव्या गालावरची पावडर घरून निघाल्या तशीच असायची. कुणी विचारलं तर त्यांचं उत्तर तयार असे. "डावी बाजू आईची, ती कलकत्त्याला रुळली. उजवी वडिलांची. त्यांना इथलं काहीच शेवटपर्यंत मानवलं नाही."

त्यात उजवी पापणी जराशी खाली उतरलेली. त्यामुळे मावशी समोरच्याला सतत डोळा मारतायत असं वाटायचं. बालीगंजच्या बाजारातला मासेवाला तर त्यांना पाहिलं की लाजून मान खाली घालायचा आणि चांगला ताजा मासा स्वतःच निवडून, नीट साफ करून द्यायचा. "फार सज्जन माणूस," मावशी म्हणायच्या. आम्ही सगळ्या पदरात तोंड लपवून हसायचो. आमच्यात दोघी-तिघी तर डॉक्टरांच्या बायका होत्या. पण हे कशाचं तरी लक्षण असेल, असं एकीच्याही मनात आलं नाही.

मावशींचा जन्म कोलकात्याचा. वडील नोकरीसाठी आले ते इथलेच झाले. मावशींनी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला, लग्न केलं नाही, आणि निवृत्त झाल्यावर धाकट्या भावाबरोबर बालीगंजच्या जुन्या फ्लॅटमध्ये राहू लागल्या. भाऊकाकाही अविवाहित. बोलण्याचं काम बहिणीकडे सोपवून ते मोकळे झाले होते. बदलीवर आलेल्या बँकवाल्यांची, सरकारी अधिकाऱ्यांची कुटुंबं इथे उतरली की त्यांना पहिली गरज लागायची ती मावशींची. दवाखाना असो, शाळा असो, घरमालकाशी भांडण असो, मावशी मध्ये उभ्या. म्हणून नाव पडलं दुभाषीमावशी.

पण त्यांची दुभाषेपणाची रीत काही वेगळीच होती. 'या बाई म्हणतात की यांचं पोट दुखतंय' असलं त्या कधी बोलल्या नाहीत. दोन माणसांच्या मध्ये तिसरं माणूस हवं कशाला, असं त्यांचं म्हणणं. त्या सरळ स्वतःचं पोट धरायच्या आणि विव्हळत बंगालीत सांगायच्या, "माझं पोट दुखतंय." एकदा माझ्या शेजारणीच्या मुलीच्या शाळाप्रवेशाला गेल्या होत्या. मुलगी आईच्या मागे दडली आणि हळूच काहीतरी पुटपुटली. सत्तरीकडे झुकलेल्या मावशींनी दोन्ही हात पाठीमागे बांधले, मान वाकडी केली आणि मुख्याध्यापिकेला सांगितलं, "मी चार वर्षांची आहे. मला फुलपाखरं आवडतात." प्रवेश मिळाला.

त्यांचं बंगाली अस्सल होतं. भानगड होती ती मराठीत. मराठी आईवडिलांकडून आलेलं, पण वाढलं बंगाली शेजारात. मी सांगलीची, मराठी घेऊन बी.ए. झालेली, आणि बँकेत चिकटले तरी लोकांच्या भाषेतल्या चुका काढायची खोड काही गेली नव्हती. बेहाला नावाच्या उपनगरात आम्ही बिऱ्हाड मांडलं तेव्हा गॅस मिळत नव्हता. मावशी पहिल्याच भेटीत म्हणाल्या, "तू काळजी करू नकोस. मी उद्याच त्यांच्या ऑफिसात जाऊन तुझी चेष्टा करते." मी नवऱ्याकडे बघितलं. आपली चेष्टा करायला ही बाई खास ऑफिसात जाणार! नंतर उमगलं की बंगालीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. माझी साडी त्यांना 'भीषण सुंदर' वाटायची. आणि स्वतःबद्दल त्या अभिमानाने सांगायच्या, "पस्तीस वर्षं मी मुलींना शिक्षा दिली." मी दर वेळी टोकायची, "मावशी, शिक्षण दिलं म्हणा. शिक्षा म्हणजे छडी." त्या हसायच्या. "असू दे गं शुमेधा. शब्द इथे राहिले की इथल्यासारखे वागायला लागतात." माझं नाव सुमेधा.

मला बंगाली अक्षरं त्यांनीच शिकवली, तीही दुकानांच्या पाट्यांवरून. बेहालात ऑटोत बसलो की एक पाटी वाचल्याशिवाय पुढचं बोलायच्या नाहीत. "हं, काय लिहिलंय?" मी अडखळत वाचायची. चुकलं की बोट पुढच्या पाटीवर. दोन-तीन महिन्यांत मी मिठाई, चपला आणि दातांचे डॉक्टर इतपत वाचू लागले.

आता मूळ गोष्ट. माझ्या बँकेतल्या एका सहकाऱ्याचे वडील आले होते. त्यांना खोकला. सियालदहजवळ छातीचे एक तरुण डॉक्टर बसायचे, त्यांच्याकडे आम्ही आजोबांना घेऊन गेलो. अर्थात मावशी बरोबर होत्या. आजोबा खोकले. मावशींनी तोच खोकला डॉक्टरांना आणखी खणखणीत खोकून दाखवला. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप उचलला आणि मावशींच्या पाठीला लावला. मावशींनी दोन लांब श्वास घेतलेसुद्धा! चूक लक्षात आल्यावर सगळे हसले. डॉक्टर मात्र हसता हसता थांबले. ते मावशींच्या चेहऱ्याकडे बघत राहिले आणि त्यांनी विचारलं, पापणी कधीपासून अशी आहे?

मावशी आजोबांकडे वळल्या. "आजोबा, डॉक्टर विचारतायत, तुमची पापणी कधीपासून अशी आहे?"

आजोबांनी घाबरून दोन्ही पापण्या चाचपल्या.

"ना ना," डॉक्टर म्हणाले, "ओनार नॉय. आपनार."

"नाही नाही, त्यांची नव्हे, तुमची," असं मावशींनी आजोबांना इमानदारीने भाषांतर करून सांगितलं. आणि मग त्यांचं बोट स्वतःच्या पापणीकडे गेलं.

डॉक्टरांनी पंखा बंद करायला लावला. त्या खोलीत आम्ही पाच माणसं पाच मिनिटं घाम गाळत बसलो. सगळे भिजले. मावशी अर्ध्या भिजल्या. डॉक्टरांनी दोघांचेही एक्सरे काढायला सांगितले. आजोबांचा स्वच्छ निघाला. मावशींच्या एक्सरेत उजवीकडे, अगदी वर, कण्याला चिकटून एक गोल सावली होती, गुळगुळीत कडेची.

पुढे स्कॅन झाले, मग छातीच्या मोठ्या सर्जनकडे पाठवणी झाली. त्या दिवशी मला रजा मिळाली नाही. भाऊकाका बरोबर गेले. रविवारी मावशी आमच्याकडे आल्या, काखेत हे एवढं मोठं पाकीट.

"काय म्हणाले सर्जन?" मी विचारलं.

"स्नायूची गाठ आहे म्हणाले. छातीत, वरच्या बाजूला, कण्याला लागून."

मी चक्क हसले. मोठ्याने हसले. "एवढंच ना! मला वाटलं काय नि काय. अहो, आमच्या बाबांना पाठीत आली होती स्नायूची गाठ. पंधरा दिवस तेल लावून शेकलं, गेली."

मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. "गेली?"

"गेली म्हणजे? नामोनिशाण नाही!"

"हे तर ऑपरेशन म्हणतात."

"सर्जन आणखी काय म्हणणार? स्नायूच्या गाठीचं कुणी ऑपरेशन करतं का? माझ्याकडे नारायण तेल आहे, सांगलीहून आणलेलं."

मावशींनी पाकीट सोफ्यामागे सरकवलं, माझ्याकडे पाठ केली आणि म्हणाल्या, "मग लाव."

त्या पाकिटात काय आहे हे मी उघडून बघितलं नाही. एक्सरेत स्नायूची गाठ दिसते तरी का, इतका साधा विचार मला सुचला नाही. मराठी घेऊन बी.ए. झालेल्या माणसाला स्नायू म्हणजे काय हे कुणी सांगायला हवं होतं का?

तेव्हापासून दर रविवारी मी बालीगंजला तेल घेऊन जायची. मावशी पालथ्या पडायच्या, मी उजव्या खांद्यामागे चोळायची, मग तव्यावर फडकं तापवून शेकायची. मावशी सूचना द्यायच्या, "अजून वर. तिथे नाही, हिमालयाच्या बाजूला." मला हात फिरवता फिरवता गाठ मऊ पडल्याचंही जाणवू लागलं होतं! "बघा, उतरतेय," मी म्हणायची. "उतरतेय," त्या म्हणायच्या. भाऊकाका दारात उभे राहून डोळे पुसायचे. मला वाटायचं तेलाचा वास झोंबतोय. एकदा मी त्यांनाही विचारलं, तुमचीही पाठ चोळून देऊ का? ते आत निघून गेले. असे चार महिने गेले.

दुर्गापूजा तोंडावर आली होती. बेहालात मांडवांमुळे रस्ते अडलेले, माझा ऑटो एका जागी उभा. सवयीने मी समोरची पाटी वाचायला घेतली. स्ना-यु-रोग. पुढचा शब्द लांबलचक होता, तो सोडून दिला. मनात आलं, वा, स्नायूंचा डॉक्टर! मावशींना इथे आणायला हवं. मग त्याच पाटीवर खाली इंग्रजीत नजर गेली. तिथे न्यूरॉलॉजिस्ट लिहिलं होतं.

मी पुन्हा वाचलं. ऑटोतून उतरले आणि खालच्या औषधाच्या दुकानात जाऊन माझ्या मोडक्या बंगालीत विचारलं, "स्नायु माने?" दुकानदाराने स्वतःच्या डोक्याला बोट लावलं, ते मानेवरून खाली पाठीकडे नेलं, तिथून दंडावरून पार करंगळीपर्यंत आणलं. "नार्भ, दिदि. नार्भ."

चार महिने मी मज्जातंतूच्या गाठीला तेल लावत होते.

टॅक्सी करून बालीगंजला पोचले. मावशी टेबलाशी बसून शेंगा सोलत होत्या. मी दारातूनच ओरडले, "मावशी, तुम्हाला नर्व्हची गाठ आहे! छातीत ट्यूमर आहे!"

"हो," त्या म्हणाल्या. "ते मी तुला जूनमध्येच सांगितलं."

"मी तेल लावत होते!"

"छान लावतेस," मावशी म्हणाल्या आणि सोललेले दाणे वाटीत टाकले.

दुसऱ्याच दिवशी मी त्यांना घेऊन सर्जनकडे गेले. नवा एमआरआय झाला. सर्जन उंच, हळू बोलणारे, आणि हळू बोलणारी माणसं रागावली की जास्त भीती वाटते. ते नव्या फिल्मकडे बघत राहिले, मग आमच्याकडे. चार महिने काय करत होता, त्यांनी विचारलं. मावशींनी खरं ते सांगितलं. सर्जननी माझ्याकडे बघितलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

मग त्यांनी समजावून सांगितलं आणि मावशींनी ते माझ्यासाठी भूगोलात आणलं. त्यांनी कागद ओढला. "हा कणा म्हणजे सह्याद्री. ही गाठ म्हणजे पायथ्याचं गाव, नर्व्हच्या सालीवर वसलेलं. मोठ्या माणसांत अशी गाठ बहुधा साधी असते, कॅन्सर नसते, हळूहळू वाढते. गाव पायथ्याशी होतं तोवर ठीक होतं. पण आता ते घाटातून पलीकडे निघालंय." घाट म्हणजे मणक्यांमधली फट, जिथून नर्व्ह बाहेर येते. आणि पलीकडे मज्जारज्जू. मी प्रत्येक शब्दाला अडवून विचारत होते, "मज्जारज्जू म्हणजे कण्यातली मुख्य दोरी ना? नक्की ना?" तीच दोरी. तिच्यावर गाठ दाबली गेली तर पाय जातील. आता एकाऐवजी दोन सर्जन लागणार होते. आधी मेंदूचे सर्जन पाठीमागून घाटातला भाग सोडवणार, मग हे छातीचे सर्जन उजवं फुप्फुस मिटवून, बरगड्यांमधल्या भोकांतून दुर्बीण घालून उरलेली गाठ काढणार. पापणी परत वर येईल अशी आशा धरू नका, ते म्हणाले. आणि पाय? त्यांनी मावशींकडे बघितलं. "चेष्टा कोरबो."

मावशी भाषांतरासाठी माझ्याकडे वळल्या.

"कळलं," मी म्हटलं.

ऑपरेशनच्या दिवशी भाऊकाका आणि मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. सकाळ गेली, दुपार झाली. मला सारखं एकच दिसत होतं: भर बाजारातून पिशवी हलवत झपाझप चालणाऱ्या मावशी. त्या आता चाकाच्या खुर्चीत बसल्या तर ती खुर्ची मी दिलेली असणार होती. भाऊकाका एकदम म्हणाले, "ताई नसली तर मला काय हवंय ते लोकांना कोण सांगणार?" त्यांना मराठी, बंगाली, हिंदी, इंग्रजी चारही येत होत्या. मी त्यांचा हात धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला आयसीयूच्या काचेच्या आत सोडलं. मावशींच्या छातीतून नळी निघून खाली बाटलीत गेलेली, डोळे मिटलेले, तोंडावर मास्क. छातीचे सर्जन पायाशी उभे होते. त्यांनी चादर बाजूला केली आणि म्हणाले, "पा नाडान तो, दिदि."

मावशी डोळे न उघडता म्हणाल्या, "पाय हलवा म्हणतात."

आणि स्वस्थ पडून राहिल्या. सर्जननी पुन्हा सांगितलं. पाय जिथल्या तिथे. सर्जन वाकले आणि तिसऱ्यांदा, मोठ्याने म्हणाले. मावशींच्या कपाळाला आठी पडली. "अहो, डॉक्टर सांगतायत ना, पाय हलवा! किती वेळा सांगायचं?" मग एक डोळा किलकिला झाला. त्यांनी इकडेतिकडे बघितलं. दुसरा रोगी कुणीच नव्हता. "अगं बाई, मीच का," असं म्हणून त्यांनी दोन्ही पायांची दहाही बोटं हलवली.

मी तिथेच रडले. सर्जन माझ्याकडे बघून पहिल्यांदाच हसले.

वॉर्डात मावशींनी धमाल केली. छातीची नळी असलेली बाटली त्या पर्ससारखी हातात घेऊन बाया-माणसांच्या चौकशा करत फिरायच्या. फुप्फुस फुगवायला तीन चेंडूंचं खेळणं देतात. श्वास ओढून चेंडू वर उचलायचे. मावशींना दोनच उचलता यायचे, मग तिसरा त्या बोटाने ढकलायच्या आणि नर्सला सांगायच्या, तीन झाले. तिथे दवाखान्यातल्या आयांना 'माशी', म्हणजे मावशी, म्हणून हाक मारतात. कुणीही 'ओ माशी' ओरडलं की ह्या पलंगावरून "काय गं?" करून उत्तर द्यायच्या. दहा दिवसांनी तपासणीचा अहवाल आला. गाठ साधी होती, पूर्ण निघाली होती.

त्यानंतर वर्षभर मी कोलकात्यात होते, पण मनातलं बोलायचं धाडस मला झालं नाही. मावशी चालत होत्या, बाजारात जात होत्या, तिसऱ्यांदा सांगून पाय हलेपर्यंतची ती दोन मिनिटं मात्र माझ्या मनातून जात नव्हती. मग माझी नागपूरला बदली झाली. निरोप घ्यायला बालीगंजला गेले तेव्हा म्हटलं, आज सांगायचंच.

"मावशी, मला माफ करा," मी म्हटलं. "माझ्या मूर्खपणापायी तुमचे चार महिने गेले. तुमचे पाय गेले असते. मी स्वतःला मोठी मराठीची जाणकार समजत होते, आणि स्नायू म्हणजे..."

"मसल," मावशी म्हणाल्या. "मला माहीत होतं."

"माहीत होतं?" मी म्हटलं.

"तुझे बाबा पंधरा दिवसांत बरे झाले म्हणालीस ना, तेव्हाच मला शंका आली. घरी आल्यावर वडिलांचा मराठी शब्दकोश काढून बघितला. मग मिटून ठेवून दिला. अगं, एवढी वर्षं मी लोकांचे शब्द इकडून तिकडे नेले, एकाचंही काही वाटेत सांडू दिलं नाही. तो एकच शब्द मुद्दाम पोचवला नाही."

"पण का?"

त्यांनी आतल्या खोलीकडे बघितलं. भाऊकाका माझ्यासाठी चहा करत होते.

"सर्जन गंभीर तोंड करून बोलले. भाऊ टॅक्सीत बसल्यापासून रडायला लागला. तो रात्री उठून माझा श्वास चालू आहे का बघायचा. मी फार घाबरले होते गं, शुमेधा. आणि तुला सांगितलं तर तू हसलीस. खळखळून हसलीस, आणि तेल काढलंस. मला वाटलं, हिच्याकडे आपण आजारी नाही. जरा दिवस हिच्याकडे राहू या." त्यांनी माझा हात आपल्या हातात घेतला. "चूक माझी होती, तुझी नव्हे. पुन्हा कुणी करू नये अशी चूक. पण चार महिने मला तुझ्या मराठीतली गाठ होती. फार सुखात गेले बघ ते रविवार."